ग्रीन ऑडिट आणि कार्बन फूटप्रिंट: कॉलेजच्या प्रकल्पात होणारी गल्लत

पदवीच्या मुलांना पर्यावरण विषय सक्तीचा झाला त्याचं मूळ एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशात आहे. पुढे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेच्या सातव्या निकषात ग्रीन ऑडिटची विचारणा होऊ लागली आणि मुलांचे प्रकल्प कॉलेजच्याही कामाला आले. तेव्हापासून एक गल्लत रुळली आहे. फाइलीवर नाव ग्रीन ऑडिटचं असतं आणि आत कार्बनचं कोष्टक, किंवा याच्या अगदी उलट.

ग्रीन ऑडिट ही पाहणी आहे. पाणी कुठून येतं, कुठे गळतं, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतलं वापरलेलं आम्ल कोणत्या मोरीत ओततात, बाद झालेले संगणक कुठल्या खोलीत धूळ खातात, ओला कचरा खड्ड्यात जातो की पालापाचोळ्यासकट पेटवला जातो. याचं उत्तर एका आकड्यात मावत नाही, यादीतच येतं. साधनंही साधी पुरतात: बादली, घड्याळ, मोजपट्टी, वही. गळक्या नळाखाली बादली ठेवून ती किती वेळात भरते हे पाहिलं की दिवसाचे लिटर हाती येतात. मात्र शिपाईमामा आणि माळीकाका यांच्याशी बोलल्याशिवाय ही पाहणी पुरी होत नाही. टाकी रात्री वाहते हे त्यांनाच ठाऊक असतं.

कार्बन फूटप्रिंट म्हणजे कॉलेजमुळे एका वर्षात हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडची बेरीज. तिचे तीन कप्पे जगभर रूढ आहेत. पहिल्यात आवारात जळलेलं इंधन: जनरेटरचं डिझेल, कॅन्टीनचा गॅस, कॉलेजच्या मालकीची बस. दुसऱ्यात विकत घेतलेली वीज. तिसऱ्यात बाकी सगळं, त्यातही मुख्यतः मुलांचं आणि शिक्षकांचं येणंजाणं. प्रत्येक वापराला त्याच्या गुणकाने गुणायचं. लिटरभर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, पेट्रोलचा सुमारे २.३ किलो. ग्रिडच्या एका युनिटमागे ढोबळमानाने ०.७ किलो धरतात.

एक काल्पनिक कॉलेज घेऊ. महिन्याला १०,००० युनिट वीज, म्हणजे वर्षाला १,२०,००० युनिट आणि ८४ टन. आता फाटकाबाहेर बघा. ६०० मुलं दुचाकीवरून रोज जाऊन-येऊन १६ किलोमीटर, वर्षाचे २०० दिवस, लिटरला ४५ किलोमीटर. पेट्रोल ४२ हजार लिटरच्या वर आणि कार्बन डायऑक्साइड सुमारे ९८ टन. विजेपेक्षाही जास्त! फाटकाच्या आत फिरणाऱ्या ऑडिटला हे दिसतच नाही. पार्किंगमधल्या गाड्या मोजल्या तरी त्या किती लांबून आल्या हे कळत नाही. त्यासाठी वर्गावर्गांत विचारावं लागतं, एसटीचा पास किती जणांकडे आहे हेही.

उलट बाजूही तितकीच खरी. मोरीत ओतलेलं आम्ल फूटप्रिंटमध्ये कुठेच उमटत नाही. गच्चीवर सौर पॅनेल बसले की दुसऱ्या कप्प्याचा आकडा झपाट्याने उतरतो, पण रिकाम्या वर्गातले पंखे पूर्वीसारखेच फिरत राहतात. म्हणून माझ्या मते मुलांना आधी ऑडिट शिकवावं. आवार पायाखालून गेलेलं नसलं की पुढची बेरीज नुसती वीजबिलांची होते.

सगळ्यात जास्त घोळ झाडांचा. झाडं मोजणं, छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर घेणं, देशी-विदेशी जाती नोंदवणं हे ऑडिटचं काम आणि मुलांना ते आवडतंही. मग कुणीतरी घेरावरून खोडात साठलेला कार्बन काढतं आणि तो वर्षाच्या उत्सर्जनातून वजा करून कॉलेज ‘कार्बन न्यूट्रल’ ठरवतं. पण तो साठा चाळीस-पन्नास वर्षांचा, उत्सर्जन एका वर्षाचं. वजा करायचीच तर झाडाने त्या वर्षात घेतलेली भर करावी. झाडामागे ती वीसेक किलो कार्बन डायऑक्साइड मानली, तरी ४०० झाडांची ८ टन होते. समोर वीज आणि दुचाक्या मिळून १८२. शिवाय कार्बन आणि कार्बन डायऑक्साइड यांचं वजन एक नाही, एका किलोचे ३.६७ किलो होतात. हा गुणाकार विसरलेली कोष्टकं सर्रास दिसतात.

दोन्हींचा अहवाल वेगळा लिहावा. ऑडिटच्या यादीत खोली क्रमांक आणि दुरुस्ती कुणी करायची ते हवं. फूटप्रिंटमध्ये वसतिगृह धरलं की नाही ते आधी सांगावं. त्याशिवाय शेजारच्या कॉलेजशी तुलनेला अर्थ नाही. विजेचा गुणक कोणत्या वर्षाचा घेतला तेही कोष्टकाखाली लिहावं, कारण केंद्रीय वीज प्राधिकरणाचा हा आकडा वर्षागणिक बदलतो. नाहीतर देशात पवन आणि सौर वीज वाढल्यामुळे बेरीज उतरते आणि अहवालात श्रेय मिळतं ते नव्या ट्यूबलाइटना.