जुन्या ॲम्प्लिफायरची गोडी नेमकी कशात होती?

सांगली-मिरजेत जुन्या ॲम्प्लिफायरचा विषय निघाला की वाद ठरलेला. एक म्हणतो, वॉल्व्हची (जुन्या सेटातल्या काचेच्या नळ्यांची) गोडी आता राहिली नाही; दुसरा म्हणतो, ट्रान्झिस्टरच्या सेटला मीटर लावून बघा. या वादाचं मूळ बरंच मागं आहे.

आवाजाचा बाहेर पडलेला अंश उलटा करून पुन्हा आत सोडायचा, म्हणजे विकृती (मूळ आवाजात सेटनं केलेला बिघाड) कमी होते, ही युक्ती अमेरिकी अभियंते हॅरॉल्ड ब्लॅक यांना 1927 मध्ये सुचली. तिच्या जोरावर डी. टी. एन. विल्यमसन यांनी 1947 साली ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात 15 वॅटच्या वॉल्व्ह ॲम्प्लिफायरची रचना दिली. विकृती जेमतेम 0.1 टक्का! आजही हा आकडा हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

मग गोडी कुठली? एकाच वॉल्व्हवर चालणाऱ्या साध्या सेटमध्ये मूळ स्वराच्या दुप्पट कंपनांचा, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर मिसळतो. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतात तीही असे वरचे स्वर खुलवण्यासाठीच. त्या झंकारावर पोसलेल्या कानाला ही भेसळ खटकत नाही, उलट भरदार वाटते. गंमत अशी, की विल्यमसनच्या पुश-पुल रचनेत, म्हणजे एकमेकांच्या उलट चालणारी, वॉल्व्हची जोडी नेमकी हीच भेसळ बरीचशी मारून टाकते. म्हणजे जितका उत्तम वॉल्व्ह सेट, तितका तो कमी ‘गोड’.

ट्रान्झिस्टर बदनाम झाला तो सुरुवातीच्या सेटांमुळं. आवाजाची वरची अर्धी लाट एक ट्रान्झिस्टर आणि खालची दुसरा उचलायचा. हातबदल होताना खाच पडायची आणि हलक्या आलापात ती कानाला टोचायची. 1967 च्या क्वाड 303 सारख्या सेटांनी ती बरीच आटोक्यात आणली. 1978 चा एनएडी 3020 अवघ्या 20 वॅटचा, पण त्यानं स्वस्तात चांगला आवाज घरोघरी नेला. माझ्या मते खरी शर्यत तिथंच संपली.

त्यानंतर बदलली ती उष्णता आणि वजन. क्लास-डी सेट, म्हणजे ज्यातले ट्रान्झिस्टर अतिवेगानं चालू-बंद होतात तो, सुमारे 90 टक्के वीज कामी लावतो. सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीनं 1964 मध्येच असा सेट काढला होता, पण तेवढे चपळ ट्रान्झिस्टर तेव्हा नव्हते. शेतीपंपांच्या भारानं व्होल्टेज 230 वरून 190 वर आलं, की जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटची ताकद जवळपास एक तृतीयांश घटते. नव्या सेटातल्या एसएमपीएसला (स्विचिंग पद्धतीच्या पॉवर सप्लायला) बहुधा त्याचा पत्ताही लागत नाही.

जुना सेट घ्यायचाच असेल तर आधी पॉवर सप्लायचे कंडेन्सर (वीज साठवणारे भाग) तपासून घ्या. ते सुकले असतील तर तुम्ही ऐकता तो आवाज कारखान्यातून निघालेला नसतोच. ट्रान्झिस्टरचा सेट असेल तर स्पीकर जोडण्याआधी त्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावून डीसी (स्पीकर जाळू शकणारी एकदिश वीज) येत नाही ना, हेही बघा. आणि खास जपानच्या बाजारासाठी बनलेला सेट 100 व्होल्टचा असतो. आपल्या प्लगात थेट लावू नका.