न्हावा शेवा बंदर आणि परदेशी टर्मिनलचालक: वादाची पार्श्वभूमी

उरण तालुक्यातील न्हावा शेवा बंदराने स्वतःच्या माणसांकरवी चालवलेले अखेरचे कंटेनर टर्मिनल डिसेंबर 2022 मध्ये एका भारतीय आणि एका फ्रेंच कंपनीच्या संयुक्त उपक्रमाकडे तीस वर्षांच्या कराराने गेले. बंदरातील बाकीची कंटेनर टर्मिनले त्याआधीच दुबई, सिंगापूर आणि डेन्मार्कमधील समूहांच्या हाती होती. नव्या उपक्रमातील भारतीय भागीदारातही 2023 मध्ये एका जर्मन जहाज कंपनीने सुमारे 40 टक्के हिस्सा घेतला. 'देशाची बंदरे परक्यांच्या घशात' या शब्दांत या व्यवहारांवर टीका होते आणि 'एक इंचही जमीन विकलेली नाही' असे तिला उत्तर दिले जाते. दोन्ही विधानांत तथ्य आहे, पण पंचवीस वर्षांत प्रत्यक्ष भांडण ज्या गोष्टीवरून झाले तिचा उल्लेख या दोन्हींत सापडत नाही.

बंदर खासगी हातात असावे की सार्वजनिक, हा प्रश्न मुंबईला नवा नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर भराव घालून धक्के बांधणाऱ्या एका खासगी कंपनीची पकड व्यापाऱ्यांना आणि सरकारला इतकी जाचक वाटू लागली की 1870 मध्ये सरकारने तिची मालमत्ता विकत घेतली आणि 1873 मध्ये बंदरासाठी स्वतंत्र विश्वस्त संस्था स्थापन झाली. पुढची शंभर-सव्वाशे वर्षे बंदर म्हणजे सार्वजनिक विश्वस्त मंडळ हे समीकरण पक्के राहिले आणि 1963 च्या कायद्याने स्वतंत्र भारतातील मोठ्या बंदरांसाठीही तीच चौकट ठेवली. मुंबई बंदरावरील ताण हलका करण्यासाठी उभारलेले न्हावा शेवा 26 मे 1989 रोजी सुरू झाले तेही याच चौकटीत. मात्र 1963 च्या कायद्यातील कलम 42 नुसार बंदरातील सेवा देण्याचे काम मंडळाला अन्य व्यक्तीकडे सोपवता येत होते, आणि खासगीकरणाच्या पहिल्या पर्वाची सारी इमारत या एका कलमावर उभी राहिली.

केंद्र सरकारने ऑक्टोबर 1996 मध्ये मोठ्या बंदरांतील खासगी सहभागाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. जुलै 1997 मध्ये न्हावा शेवा येथे 600 मीटर लांबीच्या नव्या धक्क्याचा तीस वर्षांचा परवाना करार झाला. तो मिळवणाऱ्या गटाचे नेतृत्व लंडनमध्ये मुख्यालय असलेल्या एका जुन्या जहाज कंपनीच्या ऑस्ट्रेलियन शाखेकडे होते. धक्का बांधायचा, यंत्रसामग्री आणायची, तीस वर्षे चालवायचे आणि मुदत संपल्यावर सारे बंदराच्या स्वाधीन करायचे, असे त्याचे स्वरूप होते. जमीन, जलमार्ग, गाळ काढण्याचे काम आणि जहाजांना आत-बाहेर नेणारे पायलट हे सारे बंदराकडेच राहिले. टर्मिनल 1999 मध्ये सुरू झाले आणि थोड्याच वर्षांत त्याने शेजारच्या सरकारी टर्मिनलला कंटेनरसंख्येत मागे टाकले. जहाजांना नांगर टाकून दिवसेंदिवस थांबावे लागण्याची सवय झालेल्या आयातदार-निर्यातदारांना मालक कोणत्या देशाचा आहे याची तेव्हा फारशी फिकीर नव्हती, आणि त्यांना दोष देणेही कठीण आहे.

भांडण उभे राहिले ते रॉयल्टीवरून. जो बोलीदार बंदराला तीस वर्षांत मिळून सर्वाधिक रॉयल्टी देऊ करेल त्याला टर्मिनल, असा निविदेचा निकष होता. ही रॉयल्टी प्रत्येक कंटेनरमागे ठरलेली होती आणि वर्षागणिक चढत जाणारी होती. दुसरीकडे, टर्मिनलचालकाने ग्राहकांकडून किती दर घ्यावा हे ठरवण्यासाठी 1997 मध्येच एक स्वतंत्र दर प्राधिकरण स्थापन झाले होते, आणि त्याची पद्धत अशी की चालकाचा खर्च मोजायचा, त्यावर गुंतवणुकीचा ठरावीक परतावा धरायचा आणि त्यातून दर काढायचा. बंदराला दिलेली रॉयल्टी या हिशोबात खर्च म्हणून धरायची का, यावर सगळे अडले.

ती खर्च म्हणून धरली तर चालकाने निविदा जिंकण्यासाठी वाटेल तेवढी रॉयल्टी कबूल करावी आणि नंतर ती दरात घालून ग्राहकाकडून वसूल करावी, असा मार्ग मोकळा होतो. नाशिकची द्राक्षे वातानुकूलित कंटेनरमधून युरोपला पाठवणारा निर्यातदार मग टर्मिनलच्या सेवेच्या पैशांसोबत सरकारी बंदराचे उत्पन्नही भरतो आणि निविदेतील स्पर्धेचा भार त्या स्पर्धेत कुठेही नसलेल्या माणसावर पडतो. खर्च धरली नाही, तर ती धरली जाईल या समजुतीने बोली लावणाऱ्याचे गणित कोलमडते आणि परदेशी गुंतवणूकदार करारातील खेळाचे नियम मध्येच बदलल्याची तक्रार घेऊन न्यायालयात जातो. सुरुवातीची काही वर्षे पहिला मार्ग चालला. जुलै 2003 मध्ये सरकारने दुसरा स्वीकारला, पण त्याआधीच्या करारांसाठी तडजोड ठेवली. रॉयल्टी दरात न धरल्याने जुन्या चालकाचे जेवढे नुकसान होईल तेवढ्यापुरती ती खर्चात धरायची आणि तीही निविदेत त्याच्याखालोखाल राहिलेल्या बोलीदाराने देऊ केलेल्या रकमेपर्यंतच. हे कलम 2005 च्या दरनिश्चिती तत्त्वांत कायम झाले.

प्रस्तुत लेखकाच्या मते न्हावा शेवाच्या इतिहासातील सर्वांत कळीचा निर्णय हाच आहे. बंदर ही सार्वजनिक सुविधा मानायची की सरकारी मिळकत, हे ठरवण्याची ती वेळ होती आणि सरकारने दोन्ही एकदम साधण्याचा प्रयत्न केला. परिणाम पुढे दिसत राहिले. 2004 मध्ये ज्या टर्मिनलचा करार झाला त्यात डॅनिश समूहाचे 74 आणि भारतीय रेल्वेच्या कंटेनर कंपनीचे 26 टक्के भांडवल होते, म्हणजे 'परदेशी' म्हणून ओळखल्या गेलेल्या या टर्मिनलचा चौथा हिस्सा केंद्र सरकारच्याच कंपनीचा होता. तिथे एकूण महसुलातील 35 टक्क्यांहून अधिक वाटा बंदराला देण्याचे कबूल झाले. कंटेनर अपेक्षेहून जास्त आले, नफा वाढला, आणि 2012 मध्ये दर प्राधिकरणाने त्याचे दर 44 टक्क्यांहून अधिक कमी करण्याचा आदेश काढला. चालकाने न्यायालयाची वाट धरली. जास्त माल हाताळला की दर उतरणार असतील तर जास्त माल का हाताळायचा, हा चालकांचा सवाल होता आणि तो बिनतोड होता. चौथ्या टर्मिनलच्या 2011 मधील निविदेत तर सिंगापूरच्या कंपनीच्या गटाने महसुलातील तब्बल 50.828 टक्के वाटा देऊ केला. बोली जिंकली, करार मात्र झालाच नाही. फेरनिविदेत तीच कंपनी 35.79 टक्क्यांवर आली, 2014 मध्ये करार झाला आणि फेब्रुवारी 2018 मध्ये पहिला टप्पा सुरू झाला.

मालकीचा प्रश्न खऱ्या अर्थाने जगासमोर आला तो 2006 च्या मार्च महिन्यात, आणि तोही न्हावा शेवापासून दूर. दुबई सरकारच्या मालकीच्या बंदर कंपनीने लंडनची ती जुनी जहाज कंपनी सुमारे 3.9 अब्ज पौंडांना विकत घेतली. त्या व्यवहारात न्यूयॉर्क, न्यू जर्सी, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, मायामी आणि न्यू ऑर्लिन्स येथील टर्मिनलांचे कामकाज दुबईकडे जाणार असल्याने अमेरिकेत गदारोळ उडाला. परदेशी गुंतवणूक तपासणाऱ्या समितीची मंजुरी आधीच मिळालेली असताना प्रतिनिधीगृहाच्या खर्च समितीने 62 विरुद्ध 2 मतांनी व्यवहार रोखण्याच्या बाजूने कौल दिला. दुसऱ्याच दिवशी कंपनीने माघार जाहीर केली आणि वर्षअखेरीस अमेरिकेतील कामकाज एका अमेरिकी विमा समूहाच्या गुंतवणूक शाखेला विकण्याचे ठरले. ही टर्मिनले त्याआधीही ब्रिटिश, म्हणजे परदेशीच कंपनीकडे होती. ही बाब त्या गदारोळात जवळपास कोणी लक्षात घेतली नाही.

त्याच व्यवहाराने न्हावा शेवा, चेन्नई आणि मुंद्रा येथील टर्मिनले दुबईकडे आली. कोची आणि विशाखापट्टणम येथे दुबईची कंपनी आधीच होती. एका परदेशी सरकारच्या कंपनीचा पाच भारतीय बंदरांतील कंटेनर वाहतुकीत शिरकाव झाला, आणि अमेरिकेच्या मानाने येथे आवाज फारसा उठला नाही. झाली ती चर्चा मक्तेदारीची होती. कंपन्यांच्या विलीनीकरणाची छाननी करणारी स्पर्धा कायद्याची कलमे जून 2011 पर्यंत अमलातच आली नव्हती, त्यामुळे या चर्चेला कायद्याचे हत्यारही नव्हते. सरकारने 2010 मध्ये मक्तेदारी रोखण्याचे धोरण आणले. त्यानुसार एखाद्या बंदरात विशिष्ट मालासाठी एकच खासगी चालक असेल तर त्याच बंदरातील त्याच मालाच्या पुढच्या टर्मिनलसाठी त्याला बोली लावता येत नाही. पण हा नियम एका बंदराच्या कुंपणाआत पाहतो. साऱ्या किनाऱ्यावर एकाच समूहाचा पसारा किती व्हावा, याविषयी तो काही सांगत नाही. न्हावा शेवा येथे तर एकाहून अधिक खासगी चालक असल्याने नियमाची अडचण उरली नाही आणि 330 मीटरच्या आणखी एका धक्क्याचा करार 2013 मध्ये दुबईच्याच कंपनीशी झाला. एकाच चालकाची दोन शेजारी टर्मिनले, पण बंदराला द्यायच्या रकमेचे हिशोब मात्र वेगवेगळे, अशी स्थिती त्यातून निर्माण झाली.

सुरक्षेच्या कारणावरून भारताने परदेशी भांडवल कधी अडवलेच नाही, असे म्हणता येणार नाही. बंदरांच्या बांधकामात आणि देखभालीत 100 टक्के थेट परदेशी गुंतवणुकीला मुभा आहे, पण बोलीदाराला गृह खात्याच्या सुरक्षा मंजुरीतून जावे लागते. केरळमधील विळिंजम बंदरासाठी निवडलेल्या गटाला त्यातील चिनी भागीदारांमुळे 2006 मध्ये ही मंजुरी मिळाली नाही. म्हणजे 'परदेशी' या एका शब्दाखाली दुबई, सिंगापूर आणि चीन यांना प्रत्यक्षात वेगवेगळे न्याय लावले गेले आणि कोणाला कोणता, याची कारणे मंजुरी देणाऱ्या वा नाकारणाऱ्या पत्रांत उघड होत नाहीत. खासगीकरण म्हणून ज्याचे समर्थन झाले त्यात दुबई आणि सिंगापूरच्या कंपन्या त्या त्या देशांच्या सरकारी मालकीच्या आहेत, हेही येथे नोंदवायला हवे.

परकी मालकीचा खराखुरा धोका काय असू शकतो, याची झलक 27 जून 2017 रोजी दिसली. डॅनिश समूहाच्या जगभरच्या संगणकप्रणालीवर सायबर हल्ला झाला आणि न्हावा शेवातील त्याच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. कुठला कंटेनर यार्डातील कोणत्या थरात आहे हे सांगणारी प्रणालीच बंद पडल्याने क्रेन शाबूत, कामगार हजर आणि धक्क्यावर पाणी असूनही माल हलेना. बाहेर ट्रेलरची रांग लागली. शेजारची टर्मिनले मात्र चालू होती. हल्ला न्हावा शेवावर झालेलाच नव्हता. 2006 मध्ये अमेरिकेत ज्या धास्तीची चर्चा झाली तिच्यात हा प्रकार कुठेही नव्हता आणि भारतीय करारांच्या तत्कालीन मसुद्यांतही त्याचा विचार दिसत नाही.

बंदर परिसरातील विरोधाची भाषा मात्र या सगळ्याहून वेगळी आहे. जानेवारी 1984 मध्ये जासई-दास्तान फाट्यावर नवी मुंबईच्या भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनावर गोळीबार होऊन पाच शेतकरी ठार झाले. त्यातून आलेली, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडांची मागणी बंदराच्या प्रकल्पग्रस्तांनीही दीर्घकाळ लावून धरली. हनुमान कोळीवाड्याच्या ग्रामस्थांना बंदरासाठी हलवले ती जागा वाळवीने पोखरलेली निघाली आणि पुनर्वसन पुन्हा करावे म्हणून त्यांनी होड्या आणून जहाजांचा मार्ग अडवण्यापर्यंत मजल मारली. डिसेंबर 2020 पासून अखेरच्या सरकारी टर्मिनलच्या खासगीकरणाविरुद्ध कामगार संघटनांनी केलेल्या आंदोलनातही फ्रेंच वा अन्य कोणत्या भांडवलाची भीती मुख्य नव्हती. बंदराची कायम नोकरी जाऊन ठेकेदाराकडची रोजंदारी येणार, आणि जमिनीच्या बदल्यात दिलेला नोकरीचा शब्द कोणाकडे मागायचा, ही ती भीती होती. नोव्हेंबर 2021 पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने विश्वस्त मंडळाच्या जागी प्राधिकरण आणले आणि बाहेरच्या दर प्राधिकरणाचे नियंत्रण संपवले. रॉयल्टीवरचा दोन दशकांचा वाद त्यामुळे निकाली निघाला नाही, त्याचे व्यासपीठच नाहीसे झाले. 2022 च्या करारात पुन्हा महसुली वाट्याऐवजी कंटेनरमागे ठरावीक रॉयल्टी, 4,520 रुपये, हा निकष आला.

याच काळात उत्तरेला डहाणूजवळ वाढवण बंदराला जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 76,220 कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. तेथे न्हावा शेवा प्राधिकरणाचा 74 आणि राज्याच्या सागरी मंडळाचा 26 टक्के वाटा आहे, तर नियोजित नऊ कंटेनर टर्मिनले चालकांना द्यायची आहेत. वाढवणसाठी नव्वदच्या दशकात राज्य सरकारने निवडलेली कंपनी न्हावा शेवाचा पहिला परवाना मिळवणारीच होती. डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने 1998 मध्ये तो प्रकल्प फेटाळला आणि त्याच प्राधिकरणाने 2023 मध्ये अटींसह संमती दिली. मच्छीमारांचा विरोध दोन्ही वेळा तोच आहे. न्हावा शेवाचा 1997 चा परवाना 2027 मध्ये संपतो, तेव्हा धक्का आणि क्रेन बंदराकडे परत येणे अपेक्षित आहे. दरांवर बाहेरचे नियंत्रण उरले नसताना त्या 600 मीटरांसाठी नवी बोली कशावर मागायची, जास्तीत जास्त रॉयल्टीवर की ग्राहकाला कमीत कमी दरावर, याचे उत्तर आता बंदर प्राधिकरणाला स्वतःच द्यावे लागेल.