लम्पी चित्त्यांनी आणला? तारीख बघा, मग जनुकं

ऑक्टोबर २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या एका नेत्याने म्हटलं की लम्पी, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी उठवणारा विषाणूजन्य आजार, नायजेरियातला, आणि चित्तेही तिथलेच. गोठ्यागोठ्यात ते अजून ऐकू येतं.

चित्ते आले नामिबियातून, १७ सप्टेंबर २०२२ ला, आठच, तेही मध्य प्रदेशातल्या कुनोत. त्याआधीच ऑगस्टमध्ये जळगावच्या रावेर तालुक्यातल्या गाईंच्या मानेवर, पाठीवर सुपारीएवढ्या टणक गाठी उठल्या होत्या. देशात तर २०१९ मध्येच ओडिशात लम्पीची नोंद झाली होती.

खरा माग जनुकांत सापडतो. लम्पीच्या विषाणूचा डीएनए सुमारे दीड लाख अक्षरांचा. नक्कल होताना एखादं अक्षर चुकतं, आणि ती चूक पुढच्या पिढ्यांत वारशासारखी उतरते. वंशावळ लावायची ती त्यावरूनच. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी महाराष्ट्रासह चार राज्यांतले २०२२ चे नमुने असे वाचले, तेव्हा दोन घराणी निघाली. एक आपल्याकडच्या २०१९-२० च्या विषाणूंजवळचं, दुसरं रशियातल्या २०१५ च्या साथीशी मिळतंजुळतं. याचा अर्थ रशियातून थेट आलं असा मात्र नाही. साम्य नातं सांगतं, वाट नाही.

गावात लम्पी पसरवतात चावऱ्या माश्या, डास, गोचीड आणि बाजारात हिंडवलेलं आजारी जनावर.