बस येण्याआधीची मिनिटे

गोव्यात नोंदणी झालेल्या वाहनांची संख्या लोकसंख्येच्या बरोबरीला आली आहे. पणजीत मांडवीवरचा अटल सेतू झाला, नवा झुवारी पूल झाला, तरी पणजीजवळच्या पर्वरीत गाड्यांच्या रांगा आहेतच. लोकांना गाड्यांची हौस फार, असे म्हणून विषय मिटवला जातो. मला ते पटत नाही. स्कूटर का घेतली जाते, याचा हिशेब बसथांब्यावरच मांडायला हवा.

बस दर अर्ध्या तासाने असेल आणि प्रवासी वेळापत्रक न बघता येत असेल, तर त्याला सरासरी 15 मिनिटे थांबावे लागते. म्हापसा ते पणजी अंतर जेमतेम 13 किलोमीटर, म्हणजे प्रवासाच्या मानाने हे थांबणे फार. शिवाय थांब्यावरचे मिनिट माणसाला गाडीतल्या मिनिटापेक्षा दीड-दोन पट जड जाते, असे वाहतुकीचा अभ्यास सांगतो.

तरी इथे बस ठरल्या वेळी धावते असे धरले आहे. खासगी बसवाल्याचे पोट तिकिटांवर, म्हणून तो स्टँडवर गाडी भरेपर्यंत रेंगाळतो आणि वाटेत दुसऱ्या बसशी शर्यत लावतो. मग दोन बस पाठोपाठ येतात. समजा तासाला दोनच बस आहेत आणि त्यांच्यात 30-30 ऐवजी 5 आणि 55 मिनिटांचे अंतर पडले. 12 पैकी 11 प्रवासी त्या लांब खंडातच थांब्यावर पोचतात, आणि सरासरी थांबणे 15 वरून 25 मिनिटांवर जाते. बस तेवढ्याच, डिझेल तेवढेच! खासगी बसना गोवा सरकारच्या कदंब वाहतूक महामंडळाच्या छत्राखाली आणून किलोमीटरमागे पैसे देणारी ‘म्हजी बस’ योजना मला म्हणूनच मोलाची वाटते. त्यात प्रवासी पळवण्याचे कारणच उरत नाही.

अमेरिकी अर्थतज्ज्ञ हर्बर्ट मोहरिंग यांनी 1972 साली यातला पुढचा दुवा मांडला. भरल्या रस्त्यावर एक मोटार वाढली की मागच्या सगळ्यांचा वेळ वाढतो. बसचे उलटे आहे. प्रवासी वाढले की जास्त फेऱ्या परवडतात, आणि फेऱ्या वाढल्या की जुन्या प्रवाशांचेही थांबणे कमी होते. पण हे चक्र उलटेही फिरते. चार जणांनी स्कूटर घेतली, दुपारची फेरी तोट्यात गेली, ती बंद झाली, की आणखी चार जण शोरूममध्ये.

गावाकडे हे चक्र बहुधा संध्याकाळच्या शेवटच्या बसपासून उलटे फिरू लागते. दुकानात काम करणारी मुलगी सकाळी घरून निघतानाच परतीचा विचार करते. रात्री साडेआठला सुटल्यावर बस मिळणार नसेल, तर ती सकाळीही बसने जात नाही. त्यामुळे रात्री साडेनऊची अर्धी रिकामी फेरी तिच्या स्वतःच्या गल्ल्यावरून जोखणे चुकीचे आहे. त्या फेरीची कमाई सकाळी आठच्या बसमध्ये जमा होते.