जैविक महारेणू

सजीवांच्या पेशींत शेकडो ते लाखो लहान रेणू रासायनिक बंधांनी जोडले जाऊन जे प्रचंड रेणू तयार होतात, त्यांना जैविक महारेणू म्हणतात. प्रथिने, न्यूक्लिइक आम्ले (उदा. डीएनए) आणि बहुशर्करा (साध्या शर्करांच्या साखळ्या) हे त्यांतले खरे साखळीरेणू. मेदांनाही रिवाजाने याच गटात धरतात, पण त्यांची अशी साखळी नसते. हे रेणू लहान रेणूंचे सैल झुबके नसून सलग साखळ्या आहेत, ही कल्पना जर्मन रसायनज्ञ हेरमान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडली. सुरुवातीला तिला कडवा विरोध झाला. १९५३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. साखळीतला दुवा जोडला जाताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि साखळी तुटताना तो परत खर्च होतो.

प्रथिने २० प्रकारच्या अमिनो आम्लांची बनतात आणि त्यांचे काम साखळीला पडलेल्या ठरावीक घडीवर चालते. घडी उलगडली की काम थांबते. साताऱ्याच्या कंदी पेढ्यासाठी दूध आटवताना ते किंचित आंबट असले, तर केसीन हे प्रथिन गोळा होऊन दूध फाटते. दूध ताजे लागते ते म्हणूनच. डीएनए आपल्या साखळीतल्या चार प्रकारच्या बेस नावाच्या घटकांच्या क्रमात आनुवंशिक माहिती साठवतो.

बहुशर्करांत मात्र घटकापेक्षा जोडणीला महत्त्व असते. एकट्या ग्लुकोजपासून पिष्ट (स्टार्च), सेल्युलोज आणि डेक्स्ट्रॅन असे तीन अगदी निराळे पदार्थ होतात, आणि सांगली जिल्ह्यात हे तिन्ही रोजच्या व्यवहारात भेटतात.

पिष्टात आल्फा १→४ बंध असतात, म्हणजे एका ग्लुकोजचा पहिला कार्बन पुढच्याच्या चौथ्या कार्बनला जोडलेला असतो; आल्फा आणि बीटा या अशा बंधाच्या दोन दिशा. त्यातील अ‍ॅमिलोजची साखळी मळसूत्रासारखी वळते. अ‍ॅमिलोपेक्टिनला दर २४ ते ३० ग्लुकोजनंतर १→६ बंधाने फांदी फुटते. हळदीचे नाव निघाले की कुर्क्युमिन या तिच्या पिवळ्या रंगद्रव्याची चर्चा होते, पण त्याचा रेणुभार जेमतेम ३६८ आहे, म्हणजे तो महारेणू नव्हे. सुक्या हळकुंडात पिष्ट त्याच्या कितीतरी पट असते आणि हळद शिजवण्याचा बराचसा खटाटोप या पिष्टासाठीच असतो. काढणीनंतर दोन-तीन दिवसांत कंद शिजवावेत. जेठे गड्डे (मधले मूळ कंद) आणि हळकुंडे वेगळी शिजवतात, कारण जाड गड्ड्याच्या गाभ्यापर्यंत उष्णता उशिरा पोचते. कंद बुडतील इतक्या पाण्यात ४५ ते ६० मिनिटे उकळल्यावर फेस येतो, वाफेला हळदीचा वास सुटतो आणि काडी कंदात सहज घुसते. तोवर पिष्टाचे कण पाणी शोषून फुगलेले, फुटलेले आणि एकजीव झालेले असतात. त्यामुळे रंग सगळीकडे सारखा पसरतो आणि पुढे ५ ते ७ सेंमी जाडीच्या थरात १० ते १५ दिवसांत हळद खणखणीत वाळते. कमी शिजलेले हळकुंड ठिसूळ राहते आणि पॉलिश करताना तुटते. जास्त शिजले तर गर सुटतो आणि रंग उतरतो. भेसळ ओळखायलाही हीच गोष्ट उपयोगी पडते. आयोडीनने हळद पावडर निळी होते म्हणून तीत पीठ मिसळले आहे असे म्हणता येत नाही, कारण पिष्ट हळदीचे स्वतःचेही असते. सूक्ष्मदर्शकाखाली शिजलेल्या पिष्टाचे गठ्ठे दिसायला हवेत. सुटे, अखंड कण दिसले, तर कच्चे पीठ मिसळल्याचा संशय घ्यावा.

सेल्युलोजमध्ये बंध बीटा १→४ असतो. एवढ्या फरकाने साखळ्या सरळ राहतात, हायड्रोजन बंधांनी एकमेकींना घट्ट बिलगतात आणि चिवट धागा होतो. उसाच्या चिपाडात मुख्यतः हाच असतो. माणसाला तो पचत नाही. बैल वाढे (उसाचे हिरवे शेंडे) पचवतो ते पोटातल्या सूक्ष्मजीवांच्या जोरावर.

डेक्स्ट्रॅन ऊस स्वतः बनवत नाही. तोडलेल्या टोकांतून ल्युकोनोस्टॉक जिवाणू शिरतात आणि साखरेतले ग्लुकोज काढून मुख्यतः आल्फा १→६ बंधांची साखळी विणतात. म्हणजे साखर जातेच, शिवाय रस बुळबुळीत होतो, गाळणी तुंबते, स्फटिक हळू वाढतात आणि सुईसारखे लांबट होतात. जळालेल्या किंवा तुकडे केलेल्या उसात हे लवकर घडते. डेक्स्ट्रॅन ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणारा) प्रकाश साखरेच्या सुमारे तिप्पट उजवीकडे वळवतो. त्यामुळे हे वळण मोजून साखर ठरवणारा पोलारीमीटर शिळ्या उसाच्या रसात प्रत्यक्षापेक्षा जास्त साखर दाखवतो आणि पुढे उताऱ्याचा (उसातून मिळणाऱ्या साखरेच्या प्रमाणाचा) हिशेब जुळत नाही. तोडणीपासून २४ तासांच्या आत गाळप हाच यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. डेक्स्ट्रॅनेज हे विकर (एन्झाइम) घालून साखळी तोडता येते, पण गेलेली साखर त्याने परत येत नाही.