पंखा फिरत नाही? आधी तापमान बघा

रास्पबेरी पाय या छोट्या, एका बोर्डवरच्या संगणकाचा संच जोडला, बोर्ड सुरू झाला, पण पंखा ढिम्म. अशा वेळी तो बिघडला असं वाटणं साहजिक आहे. पण बोर्ड थंड असताना पंखा बंद असणं हेच बरोबर आहे.

रास्पबेरी पाय ५ वर पंख्यासाठी चार पिनांचं वेगळं सॉकेट आहे आणि वेग बोर्डच ठरवतो. प्रोसेसर ५० अंश सेल्सिअसला पोचला की पंखा ३० टक्के वेगाने सुरू होतो. ६० अंशांना ५० टक्के, ६७.५ ला ७० टक्के आणि ७५ ला जवळपास पूर्ण वेग. ८० अंशांपासून प्रोसेसर तापमान आवरण्यासाठी स्वतःचंच काम मंदावू लागतो. ती वेळ येऊ नये म्हणून तर पंखा बसवायचा.

हे आकडे कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे बोर्डच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये, बदलता येतात. तिथे तापमान अंशाच्या हजाराव्या भागात लिहायचं, म्हणजे ५० अंशांसाठी ५००००. नुसतं ५० लिहिलंत तर पंखा थांबायचं नावच घेणार नाही. वेग ० ते २५५ या पट्टीवर असतो. ३० टक्क्यांसाठी साधारण ७५. बदल केल्यावर बोर्ड रीस्टार्ट करा.

आवाज नको म्हणून अनेकजण पंखा उशिरा सुरू करायला बघतात. आमचं मत वेगळं आहे. कानाला खुपतं ते पंख्याचं सारखं सुरू-बंद होणं. मुळात ५० ला सुरू झालेला पंखा ४५ ला थांबतो. तापमान याच दोन आकड्यांत घुटमळत असेल तर तो दिवसभर हेच करत बसतो. हे ५ अंशांचं अंतर १० करून बघा. पंखा हळू, पण सलग फिरेल आणि थोड्या वेळात तुम्ही त्याला विसरूनही जाल.

पाय ४ वर असं सॉकेट नाही. तिथे दोन वायरींच्या पंख्याचा वेग जीपीआयओ पिनवरून (बाहेरच्या वस्तूंना इशारे देणाऱ्या बोर्डवरच्या पिनवरून) बदलता येतो, पण पंखा थेट त्या पिनला कधीही जोडू नका! पिन जेमतेम १६ मिलिअँपिअर देऊ शकते, पंख्याला त्याच्या कित्येक पट लागतात. मध्ये पिनच्या इशाऱ्यावर पंख्याची वीज चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर हवा आणि मोटर बंद होताना येणारा विजेचा उलटा झटका अडवायला डायोडही. फार कमी वेगावर असा पंखा नुसता गुणगुणतो, हलत नाही. आधी क्षणभर पूर्ण वेग द्या, मग कमी करा.

पाय ५ चा पंखा तपासायचा असेल तर बोर्डवर जड काम लावून तापमान ५५ च्या वर जाऊ द्या. तरीही पातं हललं नाही तर बोर्ड बंद करून प्लग पुन्हा नीट बसवा. तो इतका लहान आहे की अर्धवट बसलेला पटकन कळत नाही. त्यानंतरही फिरला नाही तर आम्हाला कळवा. पंखा बदलून देऊ.