पेंटेकॉस्ट आणि पेंटेकॉस्टल

मे-जूनमधल्या एका रविवारी फादर लाल झगा घालून वेदीवर येतात, तो पेंटेकॉस्टचा सण. “म्हणजे तुम्ही पेंटेकॉस्टल का?” असं मला कितीतरी जण विचारतात. नाही. पेंटेकॉस्ट हा सण कॅथलिकांचा, ऑर्थोडॉक्सांचा, अनेक प्रॉटेस्टंटांचाही. पेंटेकॉस्टल ही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभी राहिलेली चळवळ.

पेंटेकॉस्ट म्हणजे ग्रीकमध्ये ‘पन्नासावा’. ईस्टर धरून दिवस मोजायचे: 2026 मध्ये ईस्टर 5 एप्रिलला, म्हणून हा सण 24 मेला. मुळात हा यहुद्यांचा गव्हाच्या हंगामाचा सण, त्यामुळे येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी यरुशलेमात देशोदेशीचे लोक आले होते. बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’, दुसरा अध्याय वाचा. सोसाट्याच्या वाऱ्यासारखा आवाज, जिभांसारख्या ज्वाळा, आणि गालीलातली ही साधी माणसं बोलू लागतात. पार्थी, मेदी, अरब, रोमहून आलेले, ज्याला त्याला आपापली भाषा ऐकू येते. आधी आमची भाषा शिकून या, असं देव कुणालाच म्हणत नाही. माझ्यासाठी सणाचा गाभा हाच, आणि मराठीत मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, ऐकताना तो मला दरवर्षी नव्याने भिडतो.

पेंटेकॉस्टल मंडळी हाच अध्याय धरून म्हणतात की तो अनुभव आजही मिळतो. पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा, रोग्यांसाठी प्रार्थना आणि अन्य भाषांत बोलणं यांवर त्यांचा भर. ही अन्य भाषा बरेचदा शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. म्हणूनच बायबलमधल्या पत्रात प्रेषित पौल करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला अशा वेळी अर्थ सांगणारा हवा असं बजावतो. यरुशलेमात मात्र ऐकणाऱ्याला थेट कळलं होतं.

या चळवळीची सुरुवात सहसा लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर, 1906 मध्ये मानतात. पण त्याच्या आदल्याच वर्षी पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुली रात्र-रात्र प्रार्थना करत होत्या. तिथल्या मिशनरी मिनी अब्रॅम्स यांनी लिहून ठेवलंय: एका मुलीभोवती आग दिसली म्हणून शेजारची धावत जाऊन बादलीभर पाणी घेऊन आली, ओतणार तोच लक्षात आलं, ती जळत नाहीये.

रमाबाईंनी त्यातून वेगळा पंथ काढला नाही. 1922 मध्ये डोळे मिटेपर्यंत त्या हिब्रू-ग्रीकमधलं बायबल सोप्या मराठीत आणत राहिल्या, कमी शिकलेल्या बाईलाही वाचून समजावं म्हणून.